आकड्याखालचा छेद बघा: गावपातळीवर आरोग्याचा पुरावा गोळा कसा करायचा, वाचायचा कसा अन् वापरायचा कसा

पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला नवीन लागलेले डॉक्टर, उपकेंद्राचे सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), सिस्टर, आणि आता तर ग्रामपंचायतीत निवडून आलेली पोरं पण मला दोनच गोष्टी विचारायलेत. एक, सर आमच्या गावात अमुक आजार लई वाढलाय, ते वरच्यांना पटवून कसं द्यायचं? दुसरी, बाहेरच्या देशातल्या अभ्यासात तमुक औषध, तमुक टेस्ट चांगली निघाली म्हणतेत, ती आपल्याकडं चालंल का? मी बीड-धाराशिवच्या पट्ट्यात बरीच वर्षं पीएचसीत काढली, त्यातून जे हाताला लागलं ते इथं लिहायलो. दोन्ही प्रश्नांना माझं पहिलं उत्तर एकच, छेद बघा. शाळेच्या गणितातला छेद. वरचा आकडा अंश, म्हणजे किती जणांना झालं, आणि खालचा छेद, म्हणजे कितीपैकी. आपल्याकडं अंश सगळेच सांगतेत, छेद कुणी लिहून ठेवत नाही, आणि तिथंच आपली बाजू लंगडी पडते.

बीडचंच घ्या. 2019 ला ऊसतोडीच्या बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गेल्या. आधी विधान परिषदेत आरोग्यमंत्र्यांनी आकडा सांगितला 4,605, म्हणजे जिल्ह्यातल्या खाजगी दवाखान्यांत तीन वर्षांत झालेली ऑपरेशनं. ऐकून संताप येतो, यायलाच पाहिजे, पण हे कितीपैकी? जिल्ह्यात बायका किती, त्यातल्या फडावर जाणाऱ्या किती, काहीच कळत नाही, आणि ज्यांनी पिशवी दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन काढली त्या तर यात धरलेल्याच नाहीत. मग सरकारी समितीच्या कामात ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांची पाहणी झाली आणि त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. बघा आता, दर सहा बायकांमागं एक. एनएफएचएस-4, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, देशभरातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांत हेच प्रमाण 3.2 टक्के होतं. दोन्ही पाहण्यांतल्या बायकांची वयं एकसारखी नसणार, म्हणून 'पाचपट' असं सरळ छापू नका, वयोगट जुळवून मगच तुलना करायची. पण छेद आला तसं त्या बातमीला वजन आलं, कुणाला 'किरकोळ प्रकार आहे' म्हणता येईना.

आता कामाला लागू. सुरुवात प्रश्न बारीक करण्यापासून. 'आमच्याकडं कॅन्सर लई आहे' हा प्रश्न नाही, ती काळजी आहे. काळजी खरी असते, तिची टिंगल करू नका, फक्त तिला मोजता येईल असं करा: कुणाला, काय, किती काळात, कितीपैकी, आणि कशाच्या तुलनेत. एक उदाहरण देतो. जुलाब झालेल्या लेकराला ओआरएस पाजायचं आणि 14 दिवस झिंक द्यायचं, हे शास्त्र पक्कं झालेलं आहे. ओआरएसचं तर 1971 ला पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी करून दाखवलं, सलाइन संपत आलेलं, कॉलऱ्याच्या पेशंटची रांग लागलेली, तेव्हा मीठ-ग्लुकोजचं पाणी ड्रममधे कालवून नातेवाइकांच्याच हातानं पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण जवळपास 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. म्हणजे 'ओआरएस चालतं का' हे आपण परत शोधायचं नाही, त्यात वेळ घालवू नका. आपला प्रश्न वेगळा आहे: आपल्या उपकेंद्रात मागच्या दोन महिन्यांत जुलाब झालेल्या पाच वर्षांखालच्या लेकरांपैकी किती जणांना 14 च्या 14 गोळ्या मिळाल्या?

हे मोजायचं कसं? आईला विचारलं तर ती 'दिल्या की' म्हणणार, खोटं बोलायचं म्हणून नाही, तुम्ही दवाखान्याची माणसं म्हणून. त्यामुळं स्ट्रिप बघायला मागा. आमच्या आशाताईंनी एका घरात अशीच मागितली, तर आजीनं देवळीत ठेवलेली काढून दिली, चार जागा फुटलेल्या, दहा गोळ्या जशाच्या तशा. आजी म्हणाली, "ताई, जुलाब तर तिसऱ्या दिवशीच थांबले, मंग बऱ्या लेकराला औषध कशाला चारायचं?" एवढ्या एका वाक्यात आम्हाला कळलं की गोळ्या पोहोचायल्यात, साठा आहे, अडचण समजावून सांगण्यात आहे. 30 घरं अशी फिरलात, स्ट्रिप मोजल्या आणि आजींचं म्हणणं जसंच्या तसं लिहून घेतलं, तर हातात आकडा पण येतो आणि त्या आकड्यामागचं कारण पण. दोन्ही लागतं.

नवीन काही गोळा करायच्या आधी घरात काय पडलंय ते बघा, हे मी हात जोडून सांगतो. आशाताईची डायरी, माता-बाल आरोग्याचं आरसीएच रजिस्टर, आपण दर महिन्याला वर पाठवतो तो एचएमआयएसचा रिपोर्ट, जन्म-मृत्यू नोंदी ग्रामपंचायतीत, एनएफएचएस-5 ची जिल्ह्याची फॅक्टशीट तर नेटवर फुकट आहे, आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांची. हे सगळं बसून जुळवा. साधं गणित: महाराष्ट्राचा जन्मदर एसआरएस 2020 (केंद्राची नमुना नोंदणी पाहणी) प्रमाणं हजारी 15, उपकेंद्राची लोकसंख्या 5,000 धरली तर वर्षाला साधारण 75 बाळंतपणं व्हायला पाहिजेत. तुमच्या रजिस्टरला 48 दिसली तर खुश होऊ नका, की आमच्याकडं कुटुंब नियोजन भारी आहे, आधी उरलेल्या 27 शोधा. काही पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्या, काही तालुक्याला खाजगीत, आणि काही फडावर, सांगली-कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात, कोपीत म्हणजे फडावरच्या झोपडीत. त्या शेवटच्याच सगळ्यात जोखमीच्या, आणि आपल्या रजिस्टरला त्यांचंच नाव नसतं.

आणखी एक गणित, कारण मीटिंगमधे यावरून उगाच भांडणं होतेत. माता मृत्यूचं प्रमाण महाराष्ट्रात 2018-20 ला लाख जिवंत जन्मांमागं 33 होतं. 30,000 लोकसंख्येच्या पीएचसीत वर्षाला 450 जन्म धरा, म्हणजे त्या हिशेबानं साधारण सहा-सात वर्षांत एक माता मृत्यू. मग 'यंदा आमच्याकडं शून्य, मागच्या वर्षी एक, म्हणजे सुधारणा झाली' याला काहीच अर्थ नाही. पीएचसी पातळीवर मृत्यूचं प्रमाण काढू नका, प्रत्येक मृत्यूचं पूर्ण अन्वेषण करा आणि मोजायचं असेल तर काम मोजा: किती जणींचं बीपी खरंच घेतलं, किती जणींना रेफर केल्यावर गाडी किती मिनिटांत आली.

'खरंच घेतलं' मी मुद्दाम लिहिलं. एकदा एक एएनसी, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीचं रजिस्टर माझ्यासमोर उघडलं, पानभर बायका, आणि खालपासून वरपर्यंत 120/80, 120/80, मधे कुठंतरी 110/70. माणसाचं बीपी असं शिस्तीत नसतं हो. 118/76 असतं, 134/88 असतं. जिथं सगळे आकडे शून्यावर संपतेत तिथं मशीन बिघडलेलं असतं, नाहीतर सिस्टरला एका दुपारी 60 बायका उरकायच्या असतेत. मी कुणाला बोललो नाही, मशीन बघितलं तर कफचं वेलक्रो धरतच नव्हतं, हवा भरली की सुटायचं. म्हणजे त्या पानावर प्रीएक्लॅम्प्सियाची, म्हणजे गरोदरपणात बीपी धोक्याचं वाढलेली बाई असती तरी ती आम्हाला दिसली नसती. म्हणून कुठलाही आकडा वापरायच्या आधी शेवटचा अंक बघा, सगळे 0 आणि 5 असले तर थांबा. हिमोग्लोबिनचं पण तसंच, साहलीच्या नळीत रंग डोळ्यानं जुळवायचा असतो, ढगाळ दिवशी आणि उन्हात वेगळा दिसतो, एकीला 9 दिसतं ते दुसरीला 10 च्या वर. पाहणी सुरू करायच्या आधी दोघींनी त्याच दहा बायकांचं वेगवेगळं मोजायचं, एकमेकींचं न बघता, आणि मग जुळवायचं. फरक जास्त आला तर आधी तो मिटवा, पाहणी आठ दिवसांनी करा.

मोजायचं कधी, हे आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाचं. दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, उचल (आगाऊ पैसे) घेऊन निघून जातेत आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येतेत. जानेवारीत पाहणी केली तर वस्तीवर म्हातारी माणसं, शाळेतली थोडी लेकरं आणि कुलूप लावलेली घरं. त्या पाहणीत कुपोषण कमीच येणार, पिशवीचं प्रमाण कमीच येणार, कारण ज्यांचं मोजायचं तेच नाहीत. पोलिओच्या मोहिमेत बंद घरावर खडूनं एक्स मारायचो आणि परत जायचो ना, तीच सवय इथं ठेवा. बंद घर सोडून शेजारचं घर धरायचं नाही. बंद घर पण छेदात राहतं, आणि रिपोर्टमधे लिहायचं की 100 पैकी 22 घरं बंद होती. जमत असेल तर पाहणी मे-जूनमधेच ठेवा, पेरणीच्या आधी.

घरं किती घ्यायची याला लोक घाबरतेत. ढोबळ हिशेब असा, की घरं चिठ्ठीनं निवडलेली असतील तर 100 घरांत उत्तर साधारण 10 टक्के इकडं-तिकडं येतं, 400 घरांत 5 टक्के. उपकेंद्राच्या कामाला 100 बहुतेक वेळा पुरतात. यादीत 600 घरं असली तर दर सहावं घर, आणि सुरुवात 1 ते 6 मधली कुठली ते चिठ्ठी काढून ठरवा. 'रस्त्याकडची घरं घेऊ, गाडी जाते' असं केलं की तांडा सुटतो, वस्ती सुटते, आणि आजार बहुतेक तिथंच असतो.

विचारायचे शब्द पण आपलेच पाहिजेत. 'गर्भाशय शस्त्रक्रिया झाली आहे का' विचारलं तर निम्म्या बायका नुसत्या बघत राहतेत, 'पिशवी काढली का' म्हटलं की लगेच वय, दवाखाना, खर्च, मुकादमाकडून घेतलेले पैसे, सगळं सांगतेत. 'अंगावरून पांढरं जातं का' हे सासूसमोर विचारायचं नाही. प्रश्न आधी पाच बायकांना विचारून बघा, कुठं अडकतेत ते कळतं.

आता दुसरी बाजू, बाहेरचा पुरावा. शोधायला पबमेड ही वैद्यकीय अभ्यासांची वेबसाइट फुकट आहे, इंग्रजीत शब्द टाका, 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू'चं फिल्टर लावा, आधी तेच वाचा, कारण त्यात एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास एकत्र तोलून बघितलेले असतेत. असे रिव्ह्यू करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचे सोप्या भाषेतले सारांश पण फुकट मिळतेत. पूर्ण पेपर कुलूपबंद असला तर लेखकाला दोन ओळींचा मेल करा, मला बरेचदा दुसऱ्या दिवशी पीडीएफ आलेली आहे. आणि रोजच्या ओपीडीला आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो ठेवा, एका आजाराला एक पान, ते भिंतीला लावता येतं. गूगलवर पहिलं जे आलं ते आणि व्हॉट्सॲपवर फिरणारं, याच्यावर पेशंटचं काही ठरवू नका.

वाचायचं कसं, ते आपल्याच मातीतल्या अभ्यासावरून सांगतो, मला तर याचा फार अभिमान वाटतो. 1999 ला तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा एक प्रचंड मोठा अभ्यास सुरू झाला, मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि आयएआरसी ही कॅन्सर संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका, गावांचे 52 गट, चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार भागांत वाटलेले: एकाला एचपीव्ही टेस्ट (हा कॅन्सर करणारा विषाणू शोधायची), एकाला पॅप (पेशी काचेवर घेऊन बघायची), एकाला ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यानं बघायची व्हीआयए, आणि चौथ्याला नेहमीचीच सेवा. 2009 ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे निकाल आला. एचपीव्हीच्या गटात 34,126 बायकांत या कॅन्सरनं 34 मृत्यू, चौथ्या गटात 31,488 बायकांत 64. आपल्या परांडा-भूमच्या बायकांनी दिलेलं हे उत्तर आहे, आणि आज जगभरात एचपीव्ही टेस्ट पुढं आलीय त्यात यांचा मोठा वाटा आहे.

आता छेद लावा. बातमी म्हणणार 'मृत्यू निम्म्यावर आले', ते खरंच आहे. पण हजार बायकांमागं बघितलं तर दोनाचा एक झाला, आठ वर्षांत. म्हणजे हजार जणी तपासल्या तेव्हा एक जीव वाचला. दोन्ही वाक्यं खरी, आणि दोन्ही सांगायची: बाईला सांगताना, आणि झेडपीत बजेट मागताना तर नक्कीच, कारण हजार टेस्टचा खर्च किती ते तिथं विचारतेतच.

याच अभ्यासात व्हीआयएच्या एका फेरीनं मृत्यू ठळकपणे कमी झालेले दिसले नाहीत. मग व्हीआयए सोडून द्यायची? थांबा. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटानंच दुसरा अभ्यास केला, प्रशिक्षण दिलेल्या प्राथमिक आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या, आणि 2014 ला आलेल्या निकालात मृत्यू 31 टक्क्यांनी कमी होते. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात व्हीआयए आहे, तर याचा आपल्या कामापुरता अर्थ सरळ आहे: एक कॅम्प घेतला, फोटो काढला, संपलं, असं करून उपयोग नाही. त्याच बायका दोन वर्षांनी परत यायला पाहिजेत आणि पॉझिटिव्ह निघालेलीची पुढची तपासणी आणि उपचार व्हायला पाहिजेत, तिला कागद हातात देऊन 'बार्शीला जा' म्हटलं की बस बदलून, रोजगार बुडवून ती जाईलच असं नाही. रजिस्टरमधे 'तपासल्या किती' शेजारी 'पॉझिटिव्हपैकी उपचार पूर्ण किती' हा रकाना आजच आखा.

बाहेरचा अभ्यास आपल्याकडं बसतो का, हे बघायला नाळेवर लावायच्या क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचं उदाहरण कायम लक्षात ठेवा. नेपाळमधे 2006 च्या अभ्यासात नाळेला ते लावल्यानं नवजात मृत्यू 24 टक्क्यांनी कमी झाले, बांगलादेशातही फायदा दिसला. आपण म्हणणार शेजारचेच देश, लगेच सुरू करू. पण झांबिया आणि टांझानियातल्या पेंबा बेटावरच्या मोठ्या अभ्यासांत फायदा दिसला नाही. औषध तेच. फरक बाळंतपण कुठं होतं, नाळेला आधीच काय लावतेत, मुळात मृत्यूदर किती, याचा. जागतिक आरोग्य संघटनेनं 2014 ला ते, जिथं नवजात मृत्यूदर हजारी 30 किंवा त्याच्या वर आहे, तिथल्या घरी होणाऱ्या बाळंतपणांना सुचवलं. महाराष्ट्रात एनएफएचएस-5 प्रमाणं 94.7 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतेत, मग आपल्याकडं नाळ कोरडी आणि स्वच्छ ठेवणं हेच बरोबर. पण कोपीत झालेल्या बाळंतपणाचं काय? तिथं हा प्रश्न परत उघडा आहे, आणि तो आपणच मोजला तर मोजला जाईल.

मोठा अभ्यास आपल्याला जमणार नाही म्हणून खाली बसू नका. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले. कोकणात साध्या पीएचसीत नोकरी करताना विंचू चावलेला एकेक पेशंट रात्रभर उशाशी बसून बघितला, नाडी, बीपी, घाम, हातपाय गार पडणं, सगळं वेळेसकट लिहून ठेवलं. त्यातून विंचूदंशावर प्रॅझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढं आला, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि ज्या विंचूदंशात तीस-चाळीस टक्के पेशंट दगावायचे तिथं मृत्यू अगदी थोडे राहिले. पण ते तिथं थांबले नाहीत हे जास्त महत्त्वाचं. पुढं 70 पेशंटचे दोन गट करून प्रॅझोसिनसोबत विंचवाची लस (विष उतरवणारं अँटीव्हेनम) द्यावी का हे तपासलं, 2011 ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे (बीएमजे) आलं, लस आणि प्रॅझोसिन दोन्ही मिळालेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत पूर्ण बरे, नुसत्या प्रॅझोसिनवर 35 पैकी 8. बघा, छेद दोन्हीकडं 35. तुमच्याकडं सर्पदंश येतेत, फवारणीचे विषबाधेचे पेशंट येतेत, एक 200 पानी वही घ्या आणि वेळ टाकून लिहायला लागा: चावला किती वाजता, पोहोचला किती वाजता, पहिली लस किती वाजता. वर्षभरात त्या वहीतून जे निघेल ते तुमच्या तालुक्याबद्दल दुसऱ्या कुणाकडंच नसेल.

परवानगीचं नीट करा. आपल्याच कामाचा आढावा म्हणून रजिस्टर तपासणं वेगळं आणि रक्त घेऊन, प्रश्न विचारून ते छापणं वेगळं. दुसऱ्यासाठी एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि अंबाजोगाई, लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत तुम्हाला पीएसएम, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या डिपार्टमेंटमधे सोबत काम करणारं कुणीतरी मिळतं, जाऊन भेटा. औषधाची किंवा उपचाराची ट्रायल असेल तर सीटीआरआय या ट्रायल नोंदवायच्या सरकारी वेबसाइटवर पहिला पेशंट घ्यायच्या आधी नोंदणी करा. आणि उस्मानाबादच्याच अभ्यासात चौथ्या गटातल्या बायकांना तपासणी का दिली नाही, यावर पुढं बरीच टीका झाली, ते पण वाचा. ज्या अभ्यासाचा मला अभिमान आहे त्याच्याबद्दलही हा प्रश्न मला छळतो, आणि छळलाच पाहिजे. नावासकट यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीच टाकायची नाही, पिशवी काढलेल्या बायकांची तर अजिबात नाही, गावात लगेच कळतं कोण ते.

शेवटी वापरणं. 40 पानांचा रिपोर्ट टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) वाचत नाहीत, त्यांच्याकडं वेळच नसतो. एक पान करा: प्रश्न काय, कितीपैकी किती, कारण काय सापडलं, काय मागायलो आणि त्याला पैसे किती. झिंकच्या उदाहरणात मागणी पैशाची पण नव्हती, फक्त आशाताईंनी तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी परत जायचं आणि आजीला भेटायचं, आईला नाही. मंथली मीटिंगच्या आदल्या दिवशी ते पान साहेबांच्या हातात द्या, मीटिंगमधे पहिल्यांदा दाखवलं तर कुणीतरी अडून बसतं. रुग्ण कल्याण समितीत मांडा, गावच्या आरोग्य-पोषण समितीकडं अबंधित निधी असतो, कफ बदलायला आणि वजनकाट्याला तो पुरतो.

आणि ज्यांच्या घरी जाऊन विचारलं त्यांना उत्तर परत द्या. हे सगळ्यात जास्त राहून जातं. आम्ही पाडव्यानंतरच्या ग्रामसभेत, कोयते परत आल्यावर, मोठ्या कागदावर 30 गोल काढले, जेवढ्या लेकरांच्या गोळ्या पूर्ण झाल्या तेवढेच रंगवलेले, बाकी कोरे. मागून एक बाई उठून म्हणाली, "सर, आमचं लेकरू यात कुठंय? आम्ही तर फडावर होतो." ती बरोबर होती, तिचं घर आम्ही बंद म्हणून लिहिलं होतं. त्याच कागदाच्या खाली आम्ही जेवढी घरं बंद होती तेवढे गोल ठिपक्या-ठिपक्यांनी काढले, आणि तिच्या वस्तीवर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, बायका कामाला निघायच्या आधी, जायचं ठरलं.